उंदराच्या हृदयाचे स्थिर चित्र

हृदयाचा एम.आर.आय. करताना तंत्रज्ञ रुग्णास ‘श्वास रोखून धरा’ असे सांगतात. चित्र पुसट येऊ नये, हा त्यामागील हेतू. प्रयोगशाळेतील उंदरास असे सांगता येत नाही. आमच्या रुग्णालयात प्राण्यांवर प्रयोग होत नाहीत. तथापि ‘नव्या औषधाने उंदराचे दुर्बल हृदय सुधारले’ अशी बातमी वाचून रुग्णांचे आप्त मोठ्या आशेने आमच्याकडे चौकशी करतात, म्हणून हा विषय येथे मांडत आहोत.

जागेपणी उंदराचे हृदय मिनिटास ५०० ते ६०० वेळा धडधडते. म्हणजे एक ठोका सुमारे एक दशांश सेकंदात आटोपतो. हृदयाची भिंत जेमतेम १ मिलिमीटर जाडीची, आणि श्वासागणिक ते जागचे हलते ते निराळेच. ही हालचाल विचारात न घेता टिपलेल्या चित्रात भिंतीची कड पसरते व आकुंचन पावलेला कप्पा असतो त्याहून मोठा भासतो. परिणामी, इकोच्या अहवालात ‘ई.एफ.’ म्हणून लिहिली जाते ती टक्केवारी कमी भरते. खरी मेख पुढेच आहे. औषधाने ठोके केवळ मंदावले तरी चित्र अधिक स्पष्ट येते आणि हृदयाची शक्ती तेवढीच असूनही टक्केवारी वाढल्याचा भास होऊ शकतो! त्यामुळे असा शोधनिबंध हाती आला की, औषध दिलेल्या व न दिलेल्या उंदरांची हृदयगती किती होती, हे आम्ही प्रथम पाहतो.

यावर उपाय आहेत. उंदरास भूल देऊन, अंग उबदार राखून, ईसीजी व श्वास यांची सतत नोंद घेतली जाते. (भुलीची मात्राही हृदयगती बदलते, तीही जपावी लागते.) एका पद्धतीत यंत्र ठोक्यातील ठरावीक क्षणाची वाट पाहून तेवढेच टिपते. दुसरीत अखंड चित्रण करून नंतर प्रत्येक तुकडा ठोक्यातील आपापल्या क्षणाशी जुळविला जातो. श्वास आत घेतानाचे तुकडे वगळले जातात. अशा रीतीने अनेक ठोक्यांतून एका ठोक्याचे चित्र साकारते. चुकार ठोके गाळता येत असल्याने आम्हास दुसरी पद्धत उजवी वाटते, मात्र सी.टी.मध्ये तिच्यासाठी क्ष-किरणांची मात्रा अधिक लागते.

चित्र भरवशाचे असले म्हणजे एकाच उंदराचे हृदय अनेक आठवडे तपासता येते. प्रत्येक टप्प्यावर काही प्राणी मारून हृदय पाहण्याची गरज उरत नाही. प्रयोगातील प्राण्यांची संख्या व वेदना घटविण्याचे तत्त्व रसेल व बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ साली मांडले होते.