अनाहूत मजकूर आणि तात्पुरते मौन : भाषासामग्रीच्या संगणकीय मोजणीतील एक प्रश्न

१. प्रास्ताविक

मागील विभागात आपण भाषासामग्रीचे संकलन अभ्यासले. संकलित सामग्रीची मोजणी आज संगणकावर होते आणि त्यासाठी पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा व इतरांनी लिहून ठेवलेल्या लायब्ररी वापरल्या जातात. स्टीव्हन बर्ड आणि एडवर्ड लोपर यांनी २००१ मध्ये सुरू केलेली 'एनएलटीके' ही अशीच एक लायब्ररी. शब्दवर्गांच्या खुणा केलेली मराठी वाक्ये तिच्या भारतीय भाषांच्या सामग्रीत हिंदी, बांगला व तेलुगूसोबत उपलब्ध आहेत.

लायब्ररी काम करताना काही निरोप आपण न मागताही पडद्यावर, म्हणजे कन्सोलवर, छापतात. हे निरोप नेमके व तेवढ्यापुरतेच कसे थांबवावेत, हा या विभागाचा विषय आहे.

२. प्रश्नाचे स्वरूप

समजा, पन्हाळा तालुक्यातील कोडोली परिसरात आपण बोलीचे ४० नमुने लिहून घेतले. प्रमाण मराठीतील 'करतोय' ऐवजी येथील बोलीत येणाऱ्या 'करायलोय' या प्रकारच्या रूपांची वारंवारिता आपल्याला काढायची आहे. एकूण शब्द ४,००० आणि अशी रूपे ८४, म्हणजे हजारी २१. आता लायब्ररीने प्रत्येक फाइलमागे पाच शब्दांचा निरोप छापला, आपण सर्व उत्पादन एका फाइलमध्ये साठवले आणि पुढील मोजणी तिच्यावरच केली, तर २०० परके शब्द सामग्रीत शिरतात. एकूण ४,२०० होऊन वारंवारिता हजारी २० वर येते. बोलीत काहीही बदललेले नसताना निष्कर्ष मात्र बदलतो.

३. दोन वाहिन्या

प्रोग्रॅमचा मजकूर दोन स्वतंत्र वाहिन्यांतून बाहेर पडतो : प्रमाण उत्पादन (क्रमांक १) आणि प्रमाण त्रुटी (क्रमांक २). ही विभागणी १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळांतील युनिक्स प्रणालीत रूढ झाली. त्रुटीचे निरोप मूळ मजकुरात मिसळून छपाई वाया जाऊ नये, अशी त्यामागील गरज होती. दोन्ही वाहिन्या एकाच पडद्यावर दिसत असल्याने नवख्या अभ्यासकाला त्या एकच वाटतात. म्हणून निरोप कोणत्या वाहिनीतून येतो, हे आधी ओळखावे.

४. मौनाचे उपाय

सौम्य उपायापासून आरंभ करावा.

(अ) लायब्ररीची स्वतःची सोय : पुष्कळ लायब्ररींत निरोप बंद करण्याचा पर्याय असतो. एनएलटीकेमधून सामग्री उतरवून घेताना 'क्वाएट' हा पर्याय 'ट्रू' ठेवला की नेहमीचे निरोप छापले जात नाहीत.

(आ) नोंदींची पातळी : निरोप पायथनच्या 'लॉगिंग' व्यवस्थेतून येत असतील, तर त्या एका लायब्ररीच्या नोंदींची पातळी वाढवावी. त्यामुळे किरकोळ माहिती थांबते, पण गंभीर निरोप येत राहतात.

(इ) वाहिनी वळवणे : निरोप साध्या 'प्रिंट' आज्ञेने येत असतील, तर 'कॉन्टेक्स्टलिब' मधील 'रीडायरेक्ट एसटीडीआउट' ही सोय उपयोगी पडते. ती पायथन ३.४ पासून उपलब्ध आहे. 'विथ' या शब्दाने सुरू होणाऱ्या खंडात केवळ लायब्ररीला हाक देणारी ओळ ठेवावी. खंड संपताच, मध्येच त्रुटी उद्भवली तरीही, वाहिनी पूर्ववत होते. वळवलेला मजकूर 'स्ट्रिंगआयओ' मध्ये साठवता येतो किंवा 'डेव्हनल' या रित्या फाइलकडे पाठवून टाकून देता येतो. ही फाइल उघडताना 'यूटीएफ-८' हे संकेतन नमूद करावे. अन्यथा काही विंडोज संगणकांवर देवनागरी अक्षर येताच प्रोग्रॅम थांबतो.

(ई) खालच्या स्तरावरील उपाय : लायब्ररीचा गाभा सी भाषेत असेल, तर ती पायथनला वळसा घालून थेट वाहिनी क्रमांक १ वर लिहू शकते. तेथे वरील उपाय निष्फळ ठरतो. मूळ वाहिनीची प्रत राखून तो क्रमांकच दुसरीकडे जोडावा लागतो व काम होताच परत जोडावा लागतो.

५. मौन तात्पुरतेच का?

वाहिनी वळवल्याचा परिणाम संपूर्ण प्रोग्रॅमवर होतो. त्या काळात अन्य भागांनी छापलेला मजकूरही गडप होतो. म्हणून खंड जितका लहान, तितका धोका कमी.

याहून महत्त्वाचा मुद्दा पुराव्याचा आहे. समजा, तीन फाइली वाचता न आल्याने वगळल्या, असा निरोप लायब्ररीने दिला आणि नेमके त्याच फाइलींत वृद्ध भाषकांचे बोलणे होते. दोन्ही वाहिन्या बंद असतील, तर हा निरोप आपल्यापर्यंत पोहोचणारच नाही. मग 'हे रूप बोलीतून लोपत आहे' असा निष्कर्ष आपण काढू, आणि ज्यांनी ते रूप जपले त्यांची साक्षच त्यात नसेल. म्हणून निरोप टाकून देण्यापेक्षा वेगळे साठवून एकदा वाचणे, हे संशोधनाच्या दृष्टीने अधिक सुरक्षित होय.

६. सारांश

अनाहूत निरोप मोजणी बिघडवतात, तर सरसकट मौन पुरावा लपवते. निरोपाचा उगम व वाहिनी ओळखून, सर्वांत सौम्य उपाय, सर्वांत लहान खंडापुरता योजावा.

७. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. प्रमाण उत्पादन व प्रमाण त्रुटी यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. आपल्या गावातील बोलीचे दहा नमुने घेऊन मोजणी करा. लायब्ररीचे निरोप वेगळ्या फाइलमध्ये साठवा आणि त्यांपैकी कोणते दुर्लक्षिण्याजोगे होते, ते सकारण लिहा.