आकाशात बाष्प की उपकरणावर पाणी?

मे-जूनमध्ये वादळ आले की रावेर-यावलकडच्या केळीबागा घडांसकट आडव्या होतात. वादळापूर्वी हवेत बाष्प किती साठले आहे हे दर मिनिटाला कळले, तर इशारा देणे सोपे जाईल. मायक्रोवेव्ह रेडिओमीटर यासाठीच असतो. महाबळेश्वरला २०१२ साली सुरू झालेल्या मेघभौतिकी प्रयोगशाळेतही तो वापरला गेला आहे. पण त्याने दिलेला प्रत्येक आकडा खरा मानावा का?

हे उपकरण स्वतः कोणतेही तरंग सोडत नाही. हवेतून आपोआप येणारे तरंग फक्त मोजते. बाष्पाचे तरंग २२ गिगाहर्ट्‌झच्या आसपास, तर ऑक्सिजनचे ६० गिगाहर्ट्‌झच्या आसपास ठळक असतात. पहिल्यांवरून बाष्प कळते, दुसऱ्यांवरून निरनिराळ्या उंचीवरचे तापमान.

आता अडचणी पाहू. २२ गिगाहर्ट्‌झला निरभ्र आकाश अगदी थंड, काही दशक केल्व्हिनचेच भासते. उपकरणाच्या झाकणावर पाण्याचा पातळ थर बसला, की सुमारे ३०० केल्व्हिनचे ते पाणी स्वतःच तरंग सोडते. उपकरणाला वाटते, बाष्प वाढले! म्हणून झाकणाला पाणी न धरणारा लेप देतात आणि त्यावर पंख्याने वारा सोडतात. कोरडी धूळ तरंगांना फारशी अडवत नाही. पण लेपावर साचली तर थेंब घरंगळत नाहीत, पसरतात. खानदेशातल्या उन्हाळ्यात हे विसरून चालणार नाही.

दुसरी अडचण सूर्याची. जळगाव-धुळ्याला २५ मेच्या सुमारास आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सावली नाहीशी होते. त्या वेळी सरळ वर पाहणाऱ्या उपकरणाच्या दृष्टिक्षेत्रात सूर्य येतो आणि नोंद एकदम उसळते.

तिसरी अडचण प्रमाणीकरणाची. त्यासाठी सुमारे ७७ केल्व्हिनला उकळणारा द्रवरूप नायट्रोजन वापरतात. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून उत्कलनबिंदूही कमी. ही दुरुस्ती राहिली तर पुढची सगळी मापने चुकतात.

म्हणून आम्ही पावसातल्या आणि ओल्या झाकणाच्या नोंदी वेगळ्या काढतो, उरलेल्या फुग्यांवरून घेतलेल्या मापनांशी ताडून पाहतो. खोटे इशारे दोनदा मिळाले, तर तिसऱ्या खऱ्या इशाऱ्यावर शेतकरी का विश्वास ठेवील?

वर्गात करून पाहा: दोन काचांना मेण चोळा, एकीवर बारीक माती भुरभुरवा, दोन्ही तिरप्या धरून पाणी शिंपडा. कोणत्या काचेवर पाणी टिकते?