तेरड्याचा रंग आणि तेरड्याचे बीज

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण अल्पकाळ टिकणाऱ्या वैभवास लावतो. एकेका फुलापुरते पाहिले तर म्हण खोटी नाही. परंतु तोच रंग बीजाच्या द्वारे पिढ्यान्‌पिढ्या पुढे जात असतो, ही गोष्ट म्हण रचणाऱ्याच्या ध्यानी आली नसावी. हा रंग पुढे कसा जातो, आणि रानफुलांची लागवड करू इच्छिणाऱ्याने त्यावरून कोणता बोध घ्यावा, हे येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभी आमची एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांसह आम्ही घाटातील एका सड्यावर गेलो होतो. तेथील दवबिंदू व सीतेची आसवे या चिमुकल्या वनस्पती पाहून सर्वांस मोह पडला. काही रोपे मुळांसकट उपटून आणिली व शाळेच्या बागेत, चांगले शेणखत घातलेल्या वाफ्यात लाविली. पंधरवड्याच्या आत त्यांतील एकही जगले नाही. कारण उघड होते. सड्यावरील जांभ्या दगडावर मातीचा थर अगदी पातळ असतो व तीत नत्राचा अंश फार थोडा असतो. ती उणीव भरून काढण्यासाठीच या वनस्पती बारीक कीटक धरून पचवितात. अशा दारिद्र्यात वाढलेल्या जीवास आमचे खत विषासमान झाले! प्रत्येक रानफूल बागेसाठी नसते, आणि जे लावावयाचे ते रोप उपटून नव्हे तर बी पेरून लावावे, हा धडा त्या दिवशी आम्हांस मिळाला.

तेरड्याची गोष्ट निराळी. पावसाळा सुरू झाला की बांधांवर व घाटरस्त्यांच्या कडेस तो आपोआप उगवतो. कोकणात पुष्कळ घरी गौरी म्हणून तेरड्याचीच रोपे आणितात, तेव्हा त्याची ओळख करून देणे नको. त्याच्या फुलाची रचना मात्र फार थोडे लोक निरखून पाहतात. फुलाच्या मागे एक बारीक शेपटी असते, तीत मध साठतो. फूल प्रथम उमलते तेव्हा पुंकेसर एकत्र जुळून स्त्रीकेसरावर टोपीसारखे बसलेले असतात. परागकण देऊन झाले की ही टोपी गळून पडते आणि मग स्त्रीकेसराचे मुख मोकळे होते. म्हणजे एकच फूल आधी नर व मागाहून मादी होते. यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेण्यास मधमाशीचे साहाय्य लागते.

आमच्या वर्गाने एका वर्षी केवळ पांढऱ्या फुलांच्या झाडाचे बी धरून पेरले. सर्व फुले पांढरी येतील अशी मुलांची खात्री होती. परंतु काही झाडांस गुलाबी फुले आली. मुले म्हणाली, “सर, बी बदलले!” बी बदलले नव्हते, शेजारच्या रंगीत झाडाचा पराग मधमाशीने आणिला होता. पुढील वर्षी आम्ही त्या गुलाबी झाडांच्या कळ्यांवर मलमलीच्या पिशव्या बांधल्या आणि त्याच झाडाचा पराग कुंचल्याने लाविला. त्या बियांतून पुन्हा काही पांढरी झाडे निघाली. पांढरेपणा नाहीसा झाला नव्हता, तो केवळ झाकला गेला होता.

हेच तत्त्व ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रून येथील मठाच्या बागेत वाटाण्यावर प्रयोग करून शोधिले व १८६६ साली प्रसिद्ध केले. १९०० सालापर्यंत त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे कार्ल कोरेन्स यांनी गुलबक्षीवर प्रयोग केले. तांबड्या व पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरापासून गुलाबी संतती झाली, आणि तिच्या संततीत तांबडी, गुलाबी व पांढरी झाडे १ : २ : १ या प्रमाणात आली. प्रत्येक गुणासाठी झाडात जनुकांची एक जोडी असते. तीतील एक जनुक मातेकडून व एक पित्याकडून येते. तेरड्याचा रंग मात्र एकाच जोडीवर अवलंबून नसून अनेक जोड्या मिळून ठरतो. म्हणूनच त्याच्या इतक्या छटा दिसतात.

आता लागवडीकडे वळू. समजा, एखादे उपयुक्त जनुक, जसे रोगास तोंड देण्याचे, रानातील शंभर जनुकांत पाचच या प्रमाणात आहे. आपण एकाच झाडाचे बी घेतले तर त्या झाडात ते नसण्याचा संभव शंभरात ९० असतो. दहा झाडे निवडली तर हा संभव सुमारे ३६ वर येतो आणि तीस झाडे निवडली तर जेमतेम ५ उरतो. शिवाय एकाच झाडाचे त्याच्याशीच परागण होत राहिले, तर भिन्न जनुकांच्या जोड्या दर पिढीस निम्म्या होत जातात. पाच पिढ्यांनंतर बत्तिसावा हिस्साच शिल्लक राहतो. बाग वरून सारखीच फुललेली दिसते. आतून मात्र ती निर्धन झालेली असते.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी पुढील नियम पाळावेत. बी एका झाडाचे न घेता अनेक झाडांचे थोडे थोडे घ्यावे व बहुतेक शेंगा रानासाठी राहू द्याव्यात. शेंग पक्व होताच स्पर्शाने फुटते, यास्तव ती मुठीत धरून तोडावी. बी सावलीत वाळवून कागदी पुडीत ठेवावे व पुडीवर स्थळ आणि दिनांक लिहावा. पहिल्या पावसाबरोबर ते पेरावे. बागेतील दुहेरी पाकळ्यांच्या तेरड्याचे बी रानात कधीही टाकू नये, नाहीतर मधमाशी दोहोंचा संकर करील. राखीव वनातून तर अनुज्ञेवाचून काडीही आणू नये. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ साली जागतिक वारशात समाविष्ट झाले. तेथे सह्याद्रीबाहेर न आढळणारी तेरड्याची एक जात वाढते. ती तेथून गेली तर दुसरीकडून आणावयाची कोठून?

फुलाचा रंग तीन दिवसांचा असेल. बीज सांभाळण्याचे काम मात्र आपल्या साऱ्या आयुष्याचे आहे. येत्या पावसाळ्यात प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एक पुडी पेरून पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.