बिर्याणीतला पुदिना काय काय करतो?

हैदराबादची कच्च्या गोश्ताची बिर्याणी कशी करतात, पाहिलंय कधी? कच्चं मटण दह्यामसाल्यात मुरवायचं, त्यात मूठभर चिरलेला पुदिना घालायचा, वर अर्धा कच्चा भात पसरायचा, झाकणाला कणीक लावून दम द्यायचा. झाकण उघडलं की काय घमघमाट! पण पुदिना वासापुरताच असतो का?

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी नेमकी हीच जोडी तपासली, मटण आणि पुदिना! 2007 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मटणातल्या चरबीला हवेतला ऑक्सिजन लागला की ती जुन्या शेंगदाण्यांसारखी खवट होते. पुदिन्याचा अर्क घातल्यावर हे खवट होणं मंदावलं.

का बरं? चरबी बिघडताना 'मुक्त मूलक' नावाचे अस्थिर कण तयार होतात. एक कण शेजारच्या रेणूला बिघडवतो, तो पुढच्याला. पुदिन्यातलं रोझमॅरिनिक आम्ल आपला हायड्रोजनचा अणू त्या कणाला देऊन टाकतं. कण शांत, साखळी तिथंच तुटली! असं करणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट.

आणि जंतू? इथं खरी गंमत आहे. त्याच केंद्राच्या 2008 सालच्या अभ्यासात हा अर्क जंतूंपुढे चक्क कमी पडला! कोळंबीच्या टरफलांपासून बनणारं कायटोसान सोबतीला दिलं, तेव्हा कुठे दोन्ही कामं जमली.

म्हणजे पुदिना जंतूंशी लढतच नाही? लढतो की! पण ते काम मुख्यतः त्याच्या तेलाचं. भिंगातून पानाची मागची बाजू बघा. बारीक चकाकते ठिपके दिसतील, त्या तेलाच्या पिशव्या. पान चुरगळलं की त्या फुटतात, म्हणून तर वास सुटतो. चटणीच्या पुदिन्यात असतं कार्व्होन, बामसाठी लावतात त्या पुदिन्यात मेंथॉल. जिवाणूच्या पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचा पातळ पडदा असतो. तेलाचे रेणू त्यात सहज घुसतात, पडदा सैल पडतो आणि आतला ऐवज बाहेर गळायला लागतो.

हे तेल पाण्यात जेमतेम विरघळतं. म्हणून ते काढायला पानांमधून वाफ सोडतात. वाफेबरोबर तेलही निघतं आणि वाफ थंड केली की पाण्यावर तरंगतं. हैदराबादच्या बोडुप्पल भागात सीमॅप या संस्थेचं केंद्र आहे, तिथं अशाच औषधी आणि सुगंधी वनस्पतींवर संशोधन चालतं. शुद्ध तेल मात्र फार जहाल असतं, ते चाखायचं नाही हं! पान खुशाल चावा.