हर्बी निकोल्स आणि 'दुर्लक्षित' हा शब्द

संशोधनाच्या आराखड्यात 'दुर्लक्षित कलावंत' असं लिहिलंत की गाईडचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुणी दुर्लक्ष केलं? याचं उत्तर शोधताना विषय कसा बदलतो, ते जॅझ पियानोवादक हर्बी निकोल्सवरून बघू.

निकोल्स १९१९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मला. आईवडील कॅरिबियन बेटांवरून आलेले. १९६३ मध्ये ल्युकेमियाने गेला तेव्हा वय फक्त ४४. पोटासाठी तो बहुतेक काळ डिक्सीलँड बँडमध्ये वाजवत होता, म्हणजे त्याच्या स्वतःच्या संगीताशी फारसा संबंध नसलेलं काम.

इथपर्यंत वाचून 'कुणी ओळखलंच नाही' असं लिहायचा मोह होतो. थांबा. ब्लू नोट कंपनीने १९५५-५६ मध्ये त्याची पाच सत्रं ध्वनिमुद्रित केली. ड्रम्सवर आर्ट ब्लेकी आणि मॅक्स रोच, दोघेही त्या काळातले अव्वल वादक. त्याची एक धून बिली हॉलिडेला आवडली, तिने शब्द लिहिले आणि 'लेडी सिंग्ज द ब्लूज' हे गाणं झालं. म्हणजे जाणकारांनी ओळखलं होतं! पण मुद्रित झालेल्यातलं बरंचसं कंपनीकडेच पडून राहिलं, आणि क्लबमध्ये स्वतःच्या रचना वाजवायची संधी क्वचित मिळाली. दुर्लक्ष झालं ते बाजारात, व्यवसायात. तुमचा प्रश्न आता 'तो मोठा होता का' हा राहत नाही, 'ओळख आणि काम यांच्यातला दुवा कुठे तुटला' हा होतो. हा प्रश्न तपासता येतो.

दुसरी अडचण थेलोनियस मंकची. निकोल्सवरच्या लेखांत मंकशी तुलना हटकून येते. गंमत म्हणजे मंकवर सुरुवातीच्या काळात कौतुकाने लिहिणाऱ्यांत निकोल्स स्वतःच होता. पण 'हाउस पार्टी स्टार्टिंग' नीट ऐका. नाव पार्टीचं, आणि सूर मात्र दारातच घुटमळणारा. वाक्य संपेल असं वाटतं तिथे ते वेगळ्याच स्वरावर वळतं. सोलो सुरू झाला तरी मूळ धून सुटत नाही. ड्रम्सही नुसता ठेका धरत नाहीत, पियानोने सोडलेल्या जागेत उत्तर देतात. त्याच्या रचनेत ड्रम्सना असा वाटाच दिलेला असतो. तुलनेने लेख लिहिणं सोपं होतं खरं, पण हे सगळं निसटतं.

आता साधनांबद्दल, कारण इथे सगळेच अडकतात. निकोल्सच्या आयुष्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बरंच ए. बी. स्पेलमन यांच्या १९६६ च्या पुस्तकातून येतं. चार संगीतकारांवरचं पुस्तक, त्यात निकोल्सवर एक भाग, आणि तो त्याच्याशी झालेल्या बोलण्यावर उभा. पुस्तक आलं तेव्हा निकोल्स नव्हता. नंतरच्या दहा लेखांत तीच हकिकत दिसली तर ते दहा पुरावे धरू नका, पुरावा एकच आहे. २००९ मध्ये मार्क मिलर यांचं स्वतंत्र चरित्र आलं. दोन्ही समोरासमोर ठेवून वाचा आणि प्रत्येक तपशिलापुढे लिहा: हे निकोल्सने सांगितलं, की त्या काळच्या कागदात सापडलं?

आणि चरित्राच्या आधी रेकॉर्डिंग ऐका. मी उलटं केलं, आणि पहिले दोन महिने मला त्याच्या संगीतात फक्त दुःखच ऐकू येत होतं. 'द गिग' लावलं तेव्हा कळलं की हा माणूस चक्क खोडकर आहे.