दडे बसले म्हणून कानात तेल?

मैत्रिणींनो, आमच्या श्रीपूरला आवाजाचं नवल नाही. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याची घरघर आणि गाणी लावून धावणारे उसाचे ट्रॅक्टर ठरलेलेच. पण वरातीतला डीजे म्हणजे कहर! गेल्या लग्नसराईत आमच्या बचत गटातली एक जण दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "वहिनी, डाव्या कानाला दडे बसल्यात, नुसती शिट्टी वाजतीय." सासूबाईंनी लसणाचं तेल घातलं होतं आणि आठवडाभर वाट बघायचं ठरलं होतं.

इथंच घोटाळा होतो. तेल पोचतं पडद्यापर्यंत. इजा असते त्याच्या पलीकडे, अंतर्कर्णात. गोगलगाईच्या शंखासारख्या त्या भागात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. प्रचंड आवाजानं त्या दुखावतात, काही मरतात. मेलेल्या परत उगवत नाहीत. ज्या नुसत्या दुखावल्यात, त्या वाचवायला हाताशी थोडेच दिवस असतात.

त्यासाठी डॉक्टर स्टेरॉइड देतात. ते आतली सूज कमी करतं. गिनीपिगवरच्या प्रयोगांत स्टेरॉइडमुळे आवाजानं होणारं नुकसान कमी झालेलं दिसलं आहे. माणसात मात्र हमखास गुण येतोच असं नाही, पण अचानक ऐकू येईनासं झालं तर पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जितक्या लवकर तितकं बरं, उपचार सुरू करतात. गोळ्यांनी रक्तातली साखर वाढते, म्हणून मधुमेह असेल तर आधी सांगायचं. अशा वेळी पडद्यातून बारीक सुईनं औषध मध्यकर्णात सोडतात, तिथून ते आत झिरपतं. आणि हो, मेडिकलमधून स्वतःच्या मनानं गोळ्या आणायच्या नाहीत, वरातीआधी 'खबरदारी' म्हणून तर मुळीच नाही!

तिला आम्ही लगेच अकलूजला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मशीनवर तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या. आता बरंचसं ऐकू येतं. शिट्टी मात्र रात्री अजून वाजते म्हणते.

८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो म्हणतात. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं! आणि आपण लेकरांना खांद्यावर घेऊन स्पीकरपुढं नाचवतो. कापसाच्या बोळ्यानं फारसं काही होत नाही. फोमचे इअरप्लग मिळतात, स्वस्त असतात. मिलमध्ये कामाला जाणाऱ्या घरधन्यांनाही ते द्या, खुंटीला नुसते लटकत ठेवू नका. आमच्या गटातल्या दोघी-तिघी आता वरातीला जाताना पर्समध्ये ठेवतात. बायका हसतात. हसू देत.