बेसचं लाकूड आणि जवसाचं तेल

वर्ध्यात मी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवते, म्हणून नव्याने शिकणारी मुलं आपापली वाद्यं घेऊन माझ्याकडे येतात. “ताई, चमकायला काय लावू?” हा त्यांचा पहिला प्रश्न. त्याआधी एक गोष्ट बघायची असते: लाकडावर मुळात काय आहे?

बहुतेक गिटारींवर पॉलिएस्टरचा किंवा पॉलियुरेथेनचा काचेसारखा गुळगुळीत थर असतो. त्यावर तेल मुरत नाही. नुसतं चिकटून राहतं आणि धूळ धरतं. तिथे कोरडं मऊ कापड पुरे. तेलाच्या फिनिशला मात्र लाकडाच्या रेषा बोटांना लागतात. जर्मनीच्या वॉर्विक कंपनीचे अनेक बेस अशाच तेल-मेणाच्या फिनिशचे असतात. माझा महोगनीचा बेसही तेलाचाच. हात जिथे टेकतो तिथलं लाकूड फिकट, कोरडं दिसू लागलं, की पाण्याचा एक थेंब ठेवून पाहावा. तो मण्यासारखा उभा राहिला तर ठीक. पसरून मुरू लागला तर लगेच पुसून घ्यावा आणि तेल लावायची वेळ झाली असं समजावं.

तेल कुठलं? खोबरेल नको. ते कधीच वाळत नाही, पुढे खवट होतं. तिळाचंही नीट वाळत नाही. जवसाचं मात्र वाळतं, कारण त्यातला निम्म्याच्या आसपास भाग लिनोलेनिक आम्लाचा. हवेतला ऑक्सिजन घेऊन तेलाचे रेणू एकमेकांत गुंततात आणि लाकडाच्या छिद्रांत घट्ट पापुद्रा बनतो. विदर्भात जवस घरोघरी चटणीत असतो, आणि घाणीच्या तेलाशी वर्ध्याचं नातं जुनं आहे. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने इथल्याच मगनवाडीत, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या काळात, बैलघाणी सुधारण्याचं काम केलं. घाणीचं कच्चं तेल वाळायला बरेच दिवस घेतं, म्हणून मी रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवस तेल वापरते. त्यात वाळण्याचा वेग वाढवणारे धातूंचे क्षार असतात, तेव्हा ते खाण्याच्या तेलाजवळ ठेवू नये.

आमच्याकडे हे काम दिवाळीनंतर करावं. पावसाळ्यात हवा दमट, तेल वाळत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि लाकूड आकसलेलं असतं.

तारा काढाव्यात. पिकअप आणि ब्रिज मास्किंग टेपने झाकावेत. 400 नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने हलका हात फिरवावा. स्टील वूल टाळावं. त्याचे बारीक कण पिकअपच्या चुंबकाला चिकटतात. भुसा पुसून सुती कापडावर थोडंच तेल घ्यावं आणि चोळावं. पंधरा-वीस मिनिटांनी, लाकडाने न प्यालेलं सगळं तेल पुसून टाकावं. पुसायचं राहिलं तर तिथे चिकट डाग बसतो. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा. शिसवीच्या फिंगरबोर्डला हे तेल नको, त्यासाठी मिळणारं फिंगरबोर्ड ऑइल दोन-तीन थेंब पुरतं.

तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कधीही ठेवू नका. वाळताना तेल उष्णता सोडतं. बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावता चिंधी पेटू शकते. आमच्या हवेत तर जास्तच जपायला हवं. चिंधी पाण्यात भिजवावी आणि उघड्यावर, एकेरी पसरून वाळवावी.

पॉलीच्या थराचा टवका उडाला की बेमालूम दुरुस्ती कारागिराकडेच होते. तेलाच्या बेसवर ओरखडा आला तर तेवढीच जागा घासून, तेल देऊन, घरी सुधारता येते. एरवी रोज वाजवून झाल्यावर घाम पुसायचा आणि वर्षातून एकदा तेलाचा हात द्यायचा. एवढं स्वतःच्या हाताने करणाऱ्याला आपलं वाद्य दुरुस्तीसाठी क्वचितच दुसऱ्याकडे न्यावं लागतं.